सोलापूरच्या गड्याची जहाजं

वालचंद म्हटलं की आपल्याला आठवतं ते सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज आणि तिथला कटऑफ. पण हा माणूस कोण, हे विचारलं तर निम्मं होस्टेल गप्प!

पेट्रोल महागलं की पेपरात 'ओपेक'चं नाव येतं. १९६० साली बगदादला पाच देशांनी ही संघटना काढली. पुढे कुणी किती तेल काढायचं याचे कोटे ठरू लागले. माल आटवायचा, भाव टिकवायचा. पण ही युक्ती तेलवाल्यांच्या आधीची. जहाजवाले ती केव्हाच वापरत होते आणि तिच्याशी गाठ पडली ती सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशींची.

फाटकांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटं घेणारा हा गडी १९१९ मध्ये जहाजाच्या धंद्यात उतरला. नरोत्तम मोरारजी वगैरेंबरोबर सिंदिया कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली 'लॉयल्टी' ५ एप्रिलला मुंबईहून लंडनला निघाली. आणि इंग्रज कंपन्या खवळल्या.

त्यांची आपसात 'कॉन्फरन्स' होती. सगळ्यांचं भाडं एकच. व्यापाऱ्याने पूर्ण भाडं भरायचं, त्यातला काही भाग काही महिन्यांनी परत. अट अशी की मधल्या काळात माल दुसऱ्या कुणाच्या जहाजात चढवायचा नाही. म्हणजे आपलेच पैसे ओलीस! एवढं करूनही कुणी नवा टिकलाच, तर तो बुडेपर्यंत भाडं पाडायचं.

सिंदिया विकत घेण्याचाही प्रयत्न झाला. तो फसल्यावर १९२३ मध्ये लॉर्ड इंचकेप यांच्या गटाशी दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाची जहाजं ७५,००० टनांच्या आत राहतील आणि फक्त किनाऱ्यालगत चालतील. परदेशची वाट बंद. भाडेयुद्ध थांबलं, पण हा कोटा वालचंदांना फार डाचला. माझ्या मते तरी सही करणं भागच होतं. एटीकेटी घेऊन का होईना, पुढच्या वर्षाला जाणं महत्त्वाचं.

१९२९ मध्ये ते अध्यक्ष झाले. देशी किनारा देशी जहाजांना राखून ठेवा, ही मागणी त्यांनी सोडली नाही. विशाखापट्टणमला गोदी उभारली. तिथे बांधलेली 'जलउषा' १९४८ मध्ये नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. स्वातंत्र्यानंतर किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखीव झाली, तेव्हा ते आजारी होते. १९५३ मध्ये ते गेले. सांगलीच्या कॉलेजला त्यांचं नाव मिळालं ते त्यानंतर दोन वर्षांनी.