ह्यू कमिंग
ह्यू कमिंग (१४ फेब्रुवारी, १७९१:वेस्ट अल्व्हिंग्टन, डेव्हन, इंग्लंड - १० ऑगस्ट, १८६५:लंडन, इंग्लंड) हे एकोणिसाव्या शतकातील शंख-शिंपल्यांचे अग्रगण्य इंग्रज संग्राहक होते.

जीवन
कमिंग यांनी लहानपणी शिडे बनविणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी केली. इ.स. १८१९ मध्ये ते दक्षिण अमेरिकेत गेले व चिलीतील वालपाराइसो बंदरात त्यांनी हाच व्यवसाय उभारला. इ.स. १८२६ मध्ये व्यवसायातून निवृत्त होऊन त्यांनी संग्रहाच्या कामासाठी 'डिस्कव्हरर' ही नौका बांधून घेतली. तिच्यातून त्यांनी पॉलिनेशियाचा व त्यानंतर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा प्रवास केला. इ.स. १८३६ ते १८४० या काळात ते फिलिपाईन्समध्ये होते. तेथे स्थानिक धर्मगुरूंच्या मदतीने शाळकरी मुलांनाही त्यांनी गोगलगायी शोधण्याच्या कामी लावले.

ॲबलोनीचे वर्गीकरण
ॲबलोनी म्हणजे हॅलिओटिस वंशातील मृदुकाय प्राणी. त्यांचे कवच चपटे व कानाच्या आकाराचे असून कडेला छिद्रांची ओळ असते. उष्ण कटिबंधातील लहान जाती ओळखणे अवघड असते. हॅलिओटिस व्हेरिया या जातीत रंग व नक्षी फार बदलते. तिची लहान वयातील कवचे इतर जातींची भासू शकतात. त्यामुळे उघड्या छिद्रांची संख्या, छिद्रांच्या कडांची उंची, सर्पिल कंगोरे आणि नमुन्याचे मूळ स्थान हे सर्व एकत्रितपणे पाहावे लागते.

लव्हेल रीव्ह यांनी इ.स. १८४६ मध्ये या वंशाचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले. त्यासाठी कमिंग यांचा संग्रह महत्त्वाचा आधार ठरला. त्यातील हॅलिओटिस जॅक्नेन्सिस या जातीचे नाव फिलिपाईन्समधील बोहोल बेटावरील हाग्ना या गावावरून आले आहे. खवल्यांसारखे कंगोरे असलेले तिचे कवच साधारणतः अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठे नसते.

संग्रह आणि वाद
कमिंग यांच्या मृत्यूनंतर ब्रिटिश म्युझियमने इ.स. १८६६ मध्ये त्यांचा ८२,९९२ नमुन्यांचा संग्रह ६,००० पौंडांना विकत घेतला. स्थलांतराच्या वेळी वाऱ्याने अनेक चिठ्ठ्या उडाल्या, अशी आख्यायिका आहे; ती सर्व अभ्यासकांना मान्य नाही. मात्र संग्रहातील अनेक नमुन्यांच्या स्थानांची नोंद चुकीची आढळली आहे. याच संग्रहावर असंख्य जातींची मूळ वर्णने आधारलेली असल्याने या चुका पुढील ग्रंथांतही उतरल्या. त्यामुळे या जातींची निश्चिती करताना कवचाच्या लक्षणांबरोबरच स्थानाच्या नोंदीचीही स्वतंत्र पडताळणी करावी लागते.