कोशातील एक अपुरी नोंद

ज्ञानकोशातील चरित्रनोंदीचा एक ठरलेला साचा असतो: जन्म, शिक्षण, पद, शोध, मृत्यू. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे चरित्र या साच्यात नीट बसत नाही. आपल्या शोधांवर आपले नाव राहावे, याची त्यांनी फिकीर केली नाही. म्हणून अनेक वर्षे त्यांच्याविषयीच्या नोंदी त्रोटक राहिल्या, काही ठिकाणी तर त्या नव्हत्याच. अशी नोंद सुधारायची, तर तिच्यात काय भरावे लागेल?

सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली आजच्या आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे झाला. यानंतर नोंदीत सहसा थेट पदवीचा उल्लेख येतो. मधली एक गोष्ट मात्र गळते. मॅट्रिकच्या परीक्षेत ते दोनदा अनुत्तीर्ण झाले होते. मद्रासला जाऊन तिसऱ्या खेपेस ते उत्तीर्ण झाले. पुढे वैद्यकीय शिक्षण घेताना गांधीजींच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन त्यांनी खादी वापरण्यास सुरुवात केली. शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. पूर्ण पदवीऐवजी सुब्बाराव यांच्या हाती कमी प्रतीचे प्रमाणपत्र पडले. याच तरुणपणात त्यांचे दोन भाऊ संग्रहणीसारख्या ‘स्प्रू’ या पोटाच्या विकाराने दगावले. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१९२२ मध्ये पत्नीला मागे ठेवून ते अमेरिकेतील बोस्टन शहरी गेले. तीन वर्षांत परतण्याचा बेत होता. ते कधीच परतले नाहीत. आपले नागरिकत्वही त्यांनी बदलले नाही. आरंभीच्या दिवसांत रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे करून ते पोट भरत. हार्वर्ड विद्यापीठात सायरस फिस्क यांच्यासमवेत त्यांनी शरीरद्रवांतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती दोघांच्या नावाने परिचित आहे. याच पद्धतीच्या साहाय्याने त्यांना स्नायूंत फॉस्फोक्रिएटिन सापडले. स्नायूंना शक्ती कशी मिळते, याविषयीच्या तत्कालीन समजुतीला त्यामुळे धक्का बसला. तरीही हार्वर्डमध्ये त्यांना कायमची नेमणूक मिळाली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले.

तेथील आठ वर्षे अतिशय फलदायी ठरली. त्यांच्या नेतृत्वाखालील गटाने फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले. ज्या विकाराने त्यांचे भाऊ गेले, त्याच स्प्रूवर हे द्रव्य गुणकारी आढळले. फॉलिक आम्लाच्या कार्यात अडथळा आणणारी द्रव्येही याच गटाने बनवली. त्यांपैकी अमिनोप्टेरिन हे बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या बालकांना दिले. काही मुलांचा रोग तात्पुरता का होईना, मागे हटला. या आजारात तोवर अशी आशा कोणी धरली नव्हती. याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही वापरात आहे.

नोंद सुधारणे म्हणजे ती फुगवणे नव्हे. काही लेखांत सुब्बाराव यांना टेट्रासायक्लिन गटातील पहिल्या प्रतिजैविकाचा एकमेव शोधक म्हटले जाते. वास्तविक ऑरिओमायसिनचा शोध बेंजामिन डग्गर यांचा. संशोधनाची दिशा व साधने सुब्बाराव यांच्या विभागाची. ‘एटीपी’ या शक्तिदायी द्रव्याबाबतही असेच आहे. फिस्क-सुब्बाराव आणि जर्मनीतील कार्ल लोमान यांना १९२९ च्या सुमारास ते स्वतंत्रपणे सापडले. दुसऱ्याच्या वाट्याचे श्रेय सुब्बाराव यांच्या नावे मांडण्याची गरजच नाही. त्यांचे स्वतःचे श्रेय पुरेसे आहे.

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले. भारत सरकारने १९९५ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, त्यांचे टपाल तिकीट काढले. हत्तीरोगावरील डायएथिलकार्बामाझिन हे औषधही त्यांच्याच विभागातून आले होते. हत्तीरोग निर्मूलन मोहिमेत विदर्भातील गावोगावी आरोग्य कर्मचाऱ्यांनी याच औषधाच्या गोळ्या घरोघरी जाऊन लोकांना खाऊ घातल्या.