श्यामच्या घरापासून पंढरीच्या दारापर्यंत

पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच आबालवृद्धांचे साने गुरुजी, यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोताचे, परंतु वडील सदाशिवराव यांच्या काळी कर्जापायी वैभव ओसरले. मातोश्री यशोदाबाई यांनी त्या विपत्तीतही घराचे सत्त्व ढळू दिले नाही. पुत्र शिक्षणासाठी दूर असतानाच १९१७ मध्ये त्या निवर्तल्या. ही माता व हे घर हेच पुढे गुरुजींच्या साहित्याचे भांडवल ठरले.

पुण्यास उच्च शिक्षण घेऊन १९२४ मध्ये गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. तेथील छात्रालयातील मुलांची त्यांनी आईच्या मायेने सेवा केली व त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिकही चालविले. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात शिरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींच्याच लेखणीने टिपली गेली.

पुढे नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ पासून अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ या ग्रंथाचा बहुतेक भाग लिहून काढला. आश्रमातील सोबत्यांना श्याम रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशी त्याची मांडणी असून एकंदर ४२ रात्री आहेत. मांडणी कल्पिलेली, आठवणी मात्र घरच्या. म्हणून कोणी त्यास कादंबरी म्हणतात, कोणी आत्मकथन. ‘धडपडणारा श्याम’, ‘श्यामचा जीवनविकास’ ही पुस्तके त्याच मालिकेतील होत. ‘सुंदर पत्रे’ ही तर पुतणीस लिहिलेली पत्रे.

घरगुती आठवणी लिहिणारे पुष्कळ झाले. गुरुजींचे वेगळेपण आम्हांस असे दिसते की, जे लिहिले त्याचे ऋण त्यांनी आचरणाने फेडले. त्या ग्रंथात एका वृद्ध महार स्त्रीची मोळी पडते. तिच्या डोक्यावर ती उचलून दे, असे आई श्यामला सांगते. घरी येऊन स्नान कर, असेही सांगते. माउलीची करुणा मोठी, परंतु त्या काळच्या रूढीचे कुंपण तिच्याभोवती होतेच. आईने जेथवर आणून सोडले तेथून पुढचे पाऊल पुत्राने टाकले.

पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून गुरुजींनी प्रथम महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागविले. तरीही दार उघडेना, तेव्हा १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. अनेकांचा विरोध होता. खुद्द महात्माजींनाही आरंभी हे उपोषण रुचले नव्हते. गुरुजी ढळले नाहीत. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर १० मे रोजी उपोषण सुटले. ज्या विठ्ठलास संतांनी माउली म्हटले, तिच्या भेटीस कोणत्याही लेकरास मज्जाव नसावा, एवढाच त्यांचा आग्रह होता.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. निरनिराळ्या प्रांतांनी परस्परांच्या भाषा शिकाव्या, हे त्यांचे आंतरभारतीचे स्वप्न होते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहून दोन भाषांत संसार करणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांस ते अधिक जवळचे वाटावे. ११ जून १९५० रोजी गुरुजींचे देहावसान झाले. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या ‘श्यामची आई’ या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले.

आपल्या घरोघरी हा ग्रंथ आहे. मुलांस तो वाचून दाखविताना वडीलधाऱ्यांचेही डोळे पाणावतात. परंतु अश्रूंनी भागत नाही. मोळी उचलून देणारा श्याम आवडतो आणि देवळाच्या पायरीशी संकोचून उभा राहिलेला मनुष्य मात्र आपणांस दिसत नाही, असे होऊ नये. देवालयाचे दार कायद्याने उघडते. अंतःकरणाचे दार घरच्या शिकवणीनेच उघडावे लागते. ती शिकवण आपल्या माजघरांतून चालू राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.