हिऱ्याला काळे करणारे किरण

लंडनमधील एका शिंप्याच्या घरी १७ जून १८३२ रोजी विल्यम क्रुक्स यांचा जन्म झाला. रसायनशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी बरेचसे संशोधन घरच्या प्रयोगशाळेत केले. १८६१ मध्ये वर्णपटातील एका हिरव्या रेषेवरून त्यांनी थॅलियम हे मूलद्रव्य शोधले. आज मात्र त्यांचे नाव निघते ते काचेच्या निर्वात नळीमुळे.

नळीतील जवळजवळ सगळी हवा उपसून विजेचा मोठा दाब दिला, की ऋणाग्रापासून अदृश्य किरण निघतात. १८७९ मध्ये शेफील्ड येथील व्याख्यानात क्रुक्स यांनी या किरणांच्या वाटेत रत्ने ठेवली. माणिक लालभडक उजळले, हिरा हिरवट प्रकाशाने झळाळला. हे किरण म्हणजे पदार्थाची चौथी अवस्था, असे त्यांचे मत होते. ते इलेक्ट्रॉनचे झोत आहेत, हे जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये दाखवले.

पण ही रोषणाई हिऱ्याला महागात पडते, हेही क्रुक्स यांनीच पाहिले. मारा बराच वेळ चालला की हिऱ्याचा पृष्ठभाग काळा पडे. तो मळ नव्हता, ग्राफाइट होते. आपल्या पेन्सिलीत असते तेच. अणू कार्बनचेच, फक्त त्यांची घडी विस्कटलेली. मारा झेलणारा पृष्ठभाग प्रचंड तापतो. नळीत प्राणवायू नसल्याने हिरा जळत नाही, त्याचे ग्राफाइट होते.

उष्णता हे एकच कारण नव्हे. साध्या मिठावर इलेक्ट्रॉन सोडले, तर ते क्लोरिनचे बंध तोडतात. क्लोरिन निसटतो आणि सोडियम मागे उरतो. हिऱ्यात असे सहसा होत नाही. तिथे अणू जागेवरून उडवायला फार वेगवान इलेक्ट्रॉन लागतात, आणि क्रुक्स यांच्या नळीत तेवढा जोर नव्हता. आजच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मात्र तो असतो. त्यामुळे ज्या स्फटिकाची रचना पाहायची, तोच पाहता पाहता बिघडतो. म्हणून नमुना थंड ठेवतात, झोत मंद करतात.

रेडियम हाती आल्यावर क्रुक्स यांनी हिरे त्याच्या क्षारात महिनोन् महिने पुरून ठेवले. त्यांना निळसर हिरवा रंग चढला. वरचे ग्राफाइट आम्लाने काढले, तरी रंग गेला नाही. शिवाय ते हिरे स्वतःच किरणोत्सारी झाले होते. ४ एप्रिल १९१९ रोजी क्रुक्स यांचे निधन झाले, तेव्हाही त्यांतला किरणोत्सार सरला नव्हता.