मुलांच्या अंगणात गेलेली शाळा
(ताराबाई मोडक यांचे चरित्र)



आपल्यापैकी कितीतरी जण अंगणवाडीतून या शाळेत आले. पण अंगणवाडी हे नाव आलं कुठून, ते पुष्कळांना ठाऊक नसतं. त्यामागे एका बाईंची आयुष्यभराची धडपड आहे. त्या म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. माहेरचं आडनाव केळकर. त्या काळी मुलींनी शिकणं म्हणजे नवलच. पण १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. पुढे राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजात त्या मुख्य झाल्या. मानाची नोकरी होती. पण भावनगरला गिजुभाई बधेका यांनी चालवलेल्या बालमंदिराची माहिती त्यांना मिळाली. तिथे छडी नाही, घोकंपट्टी नाही, मुलं खेळता खेळता शिकतात. ताराबाईंना ते इतकं पटलं, की नोकरी सोडून १९२३ साली त्या भावनगरला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. लहान मुलांना कसं शिकवावं, हे त्या मासिकातून लिहून शिक्षकांना नि पालकांना सांगू लागल्या. १९३६ साली मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केला.

शहरातल्या मुलांची सोय झाली. पण खेड्यातल्या गरिबांच्या मुलांचं काय? हा प्रश्न ताराबाईंना गप्प बसू देईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघर जिल्ह्यात आहे. तिथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्या मदतीला आल्या.

बालवाडी उघडली खरी, पण दलित वस्तीतली मुलं काही येईनात. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही. ताराबाईंनी तसं केलं नाही. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. महागडी साधनं आणायची कुठून? मग शिंपले, खडे, बिया, पानं यांवरच मुलं मोजायला नि रंग ओळखायला शिकली.

पुढे त्या जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली लोकांत गेल्या. तिथली मुलं गुरं राखायला जात. मग शाळाही गुरांमागे कुरणात गेली! तिला कुरणशाळा म्हणत. मुलींच्या कडेवर धाकटं भावंडं असे, म्हणून त्यांना शाळेत येता येत नसे. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि ताई वर्गात! या शाळेला विकासवाडी हे नाव दिलं.

१९६२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. १९७५ साली सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली.

मित्रांनो, यातून आपण काय घ्यायचं? सुगीच्या दिवसांत आपल्या वर्गातले काही जण गैरहजर असतात. हजेरीला त्यांचं नाव आलं की आपण हसतो. हसण्याऐवजी त्यांच्या घरी जाऊन विचारलं पाहिजे, की का रे, काय अडचण आहे? झालेला धडा त्यांना समजावून सांगितला पाहिजे. आणि आईबाबांनो, धाकट्याला सांभाळायला म्हणून ताईला घरी ठेवू नका. धाकट्याला अंगणवाडीत घाला नि ताईला शाळेत पाठवा. ताराबाईंनी एवढी खटपट केली ती याचसाठी.

— इयत्ता सातवीचे विद्यार्थी