धवळेश्वरचा बंधारा आणि आर्थर कॉटन

त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी नाशिक, पैठण, नांदेड ही क्षेत्रे पावन करीत आंध्रदेशात उतरते आणि राजमहेंद्रीच्या पुढे सागरास मिळते, हे आपल्याकडील बाळगोपाळांसही ठाऊक असते. परंतु राजमहेंद्रीजवळच्या धवळेश्वर गावी ह्याच गोदामाईच्या पात्रात एका परदेशी सैनिकाने बंधारा घातला आणि लक्षावधी लोकांच्या मुखी अन्न पडले, ही हकीकत आपणांपैकी थोड्यांच्याच कानी असेल. त्या सैनिकाचे नाव आर्थर कॉटन.

त्यांचा जन्म १५ मे १८०३ रोजी इंग्लंडात झाला. आईबापांचे ते दहावे पुत्र. घराणे प्रतिष्ठित होते. परंतु एवढ्या भावंडांत प्रत्येकाला आपला मार्ग आपणच शोधणे प्राप्त होते. पंधराव्या वर्षी ते ॲडिस्कोंब येथील कंपनी सरकारच्या सैनिकी विद्यालयात गेले, १८१९ साली मद्रास इंजिनियर्स ह्या पलटणीत अधिकारी झाले आणि पुढे दोन वर्षांनी मद्रासेस आले. १८२४ मध्ये ब्रह्मदेशाशी पहिले युद्ध जुंपले, तेव्हा कॉटन त्या मोहिमेवर गेले आणि किल्ल्यांवरील हल्ल्यांत त्यांनी भाग घेतला. रणांगण त्यांनी जवळून पाहिले. मात्र त्यांचे खरे कर्तृत्व प्रकट झाले ते शस्त्र बाजूस ठेवल्यावर.

युद्धानंतर त्यांची नेमणूक कावेरीच्या कामावर झाली. श्रीरंगम् बेटाच्या शिरोभागी कावेरीचे दोन फाटे होतात. त्यांपैकी कोळ्ळिडम् हा फाटा उत्तरोत्तर अधिकाधिक पाणी ओढून घेऊ लागला होता आणि तंजावरची शेते कोरडी पडू लागली होती. ह्या कोळ्ळिडमावर बांध घातला पाहिजे, हे उघड होते. परंतु पात्रात खडक नव्हता, होती ती केवळ वाळू. वाळूवर बांधकाम टिकत नाही, असा त्या काळच्या इंजिनियरांचा समज होता. कॉटन यांना ह्याचे उत्तर मिळाले ते तेथून जवळच असलेल्या कल्लणै ह्या प्राचीन बंधाऱ्यात. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा तो बंधारा शतकानुशतके वाळूवरच उभा होता. मोठमोठे दगड ओल्या वाळूत टाकले की ते रुततात. त्यांवर आणखी टाकीत गेले की अखेरीस ते स्थिर होऊन बसतात आणि त्यांच्यावर बांधकाम करता येते, ही युक्ती जुन्या कारागिरांना अवगत होती. ज्यांची नावेही इतिहासाने राखली नाहीत, अशा त्या कारागिरांचे शिष्यत्व कॉटन यांनी पत्करले आणि पुढे आपले हे ऋण त्यांनी मोकळेपणाने बोलूनही दाखविले. राज्यकर्त्या जातीच्या अधिकाऱ्याने जित लोकांच्या विद्येपुढे नम्र व्हावे, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती. १८३६ साली कोळ्ळिडमावरील वरचा बंधारा पुरा झाला आणि तंजावरचे पाणी तंजावरला मिळाले.

इकडे गोदावरीच्या मुखाकडील प्रदेशाची दशा करुण होती. शेजारच्या गुंटूर प्रांतात १८३२-३३ च्या दुष्काळात सुमारे पाच लाख वस्तीपैकी दोन लाख माणसे दगावली, असे सांगतात. १८३९ च्या नोव्हेंबरात प्रचंड वादळ होऊन कोरिंगा बंदर समुद्राने बुडविले. दाराशी महानदी वाहत असता लोक अन्नावाचून मरत आणि गाव सोडून जात. कॉटन यांनी हा प्रदेश हिंडून पाहिला व धवळेश्वरी बंधारा घालण्याची योजना सरकारपुढे मांडली. १८४६ च्या अखेरीस मंजुरी आली आणि १८४७ साली काम सुरू झाले.

बेटांमुळे तेथे नदीचे चार फाटे होतात. त्या चौहोंवर मिळून सुमारे साडेतीन कोस रुंदीचा नव्हे, तर साडेतीन किलोमीटर लांबीचा दगडी बांध घालावयाचा होता. उंची अवघी बारा फूट. पण पाया पुन्हा वाळूचाच. दगड जवळच्या टेकडीतून निघाला. हजारो मजूर गोळा करून त्यांना कामावर टिकविण्यात वीणम् वीरन्ना ह्या तेलुगू गृहस्थांनी कॉटन यांना मोलाचे साहाय्य केले. उन्हाने कॉटन यांची प्रकृती ढासळली आणि मध्यंतरी काम कॅप्टन ऑर यांच्यावर सोपवून त्यांना परदेशी जावे लागले. परंतु बरे होताच ते परत आले. १८५२ साली बंधारा पूर्ण झाला. कालवे निघाले, भाताची शेते पिकू लागली आणि दुष्काळी मुलूख दक्षिणेचे धान्यकोठार बनला.

त्यांचे सर्वच बेत सिद्धीस गेले, असे मात्र नाही. वऱ्हाडचा कापूस गोदावरीतून नावांनी समुद्रापर्यंत न्यावा, ही त्यांची आवडती कल्पना खडकाळ पात्रामुळे सोडून द्यावी लागली. तुंगभद्रेवरून काढलेला कर्नूल-कडप्पा कालवा तोट्यात गेला. आगगाडीपेक्षा कालवे ह्या देशास अधिक उपकारक, असे ते निवृत्तीनंतरही आग्रहाने सांगत राहिले आणि त्यासाठी १८७८ साली पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांना कठोर प्रश्नांना तोंड द्यावे लागले. सरकारने बंधारा बांधला तो महसुलाकडेही दृष्टी ठेवून, हेही विसरता कामा नये. तथापि कॉटन यांच्या मनात भुकेल्या माणसाचा विचार अग्रस्थानी होता, ह्याची साक्ष त्यांचे सारे आयुष्य देते. १८६१ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. जुलै १८९९ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, इंग्लंडात डॉर्किंग येथे त्यांनी देह ठेवला.

जुना बंधारा जीर्ण झाल्यावर १९७० ते १९८२ च्या दरम्यान तेथे नवा बराज बांधण्यात आला. त्याला कॉटन यांचेच नाव दिले गेले. आज त्यावर सुमारे दहा लाख एकर जमीन भिजते. गोदातीरावरील कित्येक गावांत त्यांचे पुतळे आहेत. तेथील वैदिक ब्राह्मण स्नानाच्या संकल्पसमयी त्यांचे पुण्यस्मरण करीत, असेही त्या प्रांती सांगतात.

पाठशाळेत मुलांना संकल्प शिकविताना आम्हांस ही गोष्ट वारंवार आठवते. कॉटन हे निष्ठावंत ख्रिस्ती होते. त्यांचे गोत्र नाही, प्रवर नाही. तरीही गोदेचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांना त्यांचे नाव परके वाटले नाही. तहानलेल्या भूमीला ज्याने पाणी दिले, त्याच्या पुण्याला कुळाची साक्ष लागत नाही. गोदामाईची साक्ष पुरेशी आहे.