लोकनायक बापूजी अणे

वर्धा जिल्ह्याची पश्चिम सीमा वर्धा नदीने आखून दिलेली आहे. इंग्रजी अमलात नदीच्या अलीकडील मुलूख मध्यप्रांतात मोडत असे, तर पलीकडील मुलूख वऱ्हाडात. वऱ्हाडची स्थिती मोठी चमत्कारिक होती. नावाची मालकी निजामाची आणि प्रत्यक्ष राज्यकारभार इंग्रजांचा! या वऱ्हाडातील वणी या गावी 29 ऑगस्ट 1880 रोजी माधव श्रीहरी अणे यांचा जन्म झाला. पुढे सारा देश त्यांना लोकनायक बापूजी अणे या नावाने ओळखू लागला.

घरी संस्कृत विद्येची आवड होती. ती बापूजींच्या अंगी लहानपणीच उतरली आणि जन्मभर टिकली. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ अमरावतीस शिक्षकाचे काम केले, कायद्याची परीक्षा दिली आणि यवतमाळास वकिली आरंभिली. त्या काळी लोकमान्य टिळक हे तरुणांचे दैवत होते. बापूजींनीही त्यांनाच गुरू मानले. टिळकांपासून त्यांनी दोन गोष्टी घेतल्या. स्वराज्यासाठी मिळेल ते साधन वापरावे, ही एक. आणि आपले मत बनविताना कोणाच्या मोठेपणास भिऊ नये, ही दुसरी. त्यांचे पुढील सारे सार्वजनिक जीवन या दोन गोष्टींतून उलगडत गेले.

1920 च्या ऑगस्टमध्ये टिळक वारले आणि देशाची सूत्रे महात्मा गांधींकडे आली. गांधीजींनी असहकार पुकारला. कायदेमंडळावर बहिष्कार घालणे हे त्यातील एक मुख्य कलम होते. बापूजींस गांधीजींविषयी अपार आदर होता, परंतु हे कलम त्यांस पटले नाही. शत्रूच्या किल्ल्यात शिरण्याची वाट उघडी असता ती आपणच का बंद करावी, असा टिळकांच्या अनुयायांचा सवाल होता. पुढे स्वराज्य पक्ष स्थापन झाला, तेव्हा त्या पक्षाच्या वतीने बापूजी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. तेथे वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून त्यांचे नाव लागले.

ते कायदेमंडळ म्हणजे आजची लोकसभा नव्हे. मतदानाचा अधिकार मूठभर लोकांनाच होता. निवडून आलेल्या सभासदांच्या जोडीला सरकारने नेमलेले सभासद बसत आणि ते सरकारच्याच बाजूने हात वर करीत. एवढे करूनही सरकार हरले, तर फेटाळलेले विधेयक आपल्या अधिकारात अमलात आणण्याची मुभा व्हाइसरॉयला होती. मग अशा सभागृहात मत देऊन उपयोग तो काय? बापूजींच्या मते उपयोग होता. लोकांच्या प्रतिनिधीने उघडपणे दिलेले मत दप्तरात नोंदले जाते, वृत्तपत्रांतून गावोगाव पोचते, आणि राज्यकर्ते प्रजेच्या संमतीवाचून कारभार करीत आहेत, हे जगापुढे सिद्ध होते.

सरकार जितके सहकार्य करील तितकेच आपणही करावे, या विचाराने 1926 च्या सुमारास जयकर, केळकर, मुंजे आणि अणे यांनी प्रतियोगी सहकारितेचा वेगळा पक्ष उभारला. या मंडळींवर टीकेचा भडिमार झाला. परंतु बापूजींची निष्ठा पक्षाहून देशाकडे अधिक होती. 1928 साली पंडित मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली स्वराज्याच्या घटनेचा मसुदा करण्यासाठी जी समिती नेमण्यात आली, तीत बापूजींनी मनःपूर्वक काम केले.

1930 साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह आरंभिला. वऱ्हाडापासून समुद्र शेकडो मैल दूर. दहीहांडा येथील खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून लोकांनी मीठ तयार केले खरे, पण गावोगावच्या शेतकऱ्यास जाचत होता तो जंगलाचा कायदा. ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरली, तेथील गवताची काडीही परवान्यावाचून तोडता येत नसे. तेव्हा 10 जुलै 1930 रोजी पुसदजवळच्या जंगलात बापूजींनी हाती विळा घेऊन गवत कापले आणि कायदा मोडला. तत्काळ त्यांना अटक झाली व तुरुंगवासाची शिक्षा मिळाली. कायदेमंडळात बसून कायद्याचा कीस काढणारा हा पन्नाशीचा विद्वान वकील ओंजळभर गवतासाठी तुरुंगात गेला, हे पाहून वऱ्हाडातील खेडी जागी झाली. सभागृहातील मार्ग खुंटला असता रानातील मार्ग धरण्यास त्यांना कमीपणा वाटला नाही.

त्यांच्या निःपक्षपातीपणावर सर्वांचा विश्वास असे. बंगालच्या काँग्रेसमध्ये सेनगुप्त आणि सुभाषचंद्र बोस यांच्या अनुयायांत तंटा माजला, तेव्हा 1931 साली तो मिटविण्याचे नाजूक काम काँग्रेसने बापूजींवर सोपविले. 1933 मध्ये बहुतेक पुढारी तुरुंगात असता काँग्रेसच्या हंगामी अध्यक्षपदाची धुराही त्यांनी वाहिली.

एवढे मानाचे स्थान लाभल्यावर सामान्य माणूस ते जपून ठेवतो. बापूजींची कसोटी येथेच लागली. ब्रिटनचे मुख्य प्रधान मॅक्डोनल्ड यांनी 1932 साली जातीय निवाडा जाहीर केला होता. धर्म आणि जात पाहून मतदारसंघ वेगळे पाडणारी ही योजना होती. 1934 साली काँग्रेसने तिच्याबाबत स्वीकारही नाही आणि धिक्कारही नाही, असे तटस्थ धोरण ठरविले. जी गोष्ट राष्ट्रास विघातक वाटते, तिच्याविषयी मौन कसे धरावे, हे बापूजींस समजेना. पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासह ते पदांवरून दूर झाले आणि दोघांनी राष्ट्रीय पक्ष स्थापन केला. पुढे 1935 च्या फेब्रुवारीत हा प्रश्न कायदेमंडळात आला. काँग्रेसपक्ष तटस्थ राहिला. निवाडा मान्य करणारी सूचना सरकारी मतांच्या बळावर संमत होणार, हे उघड दिसत होते. तरीही बापूजी आणि त्यांचे मोजके सहकारी विरोधी मत देऊन मोकळे झाले. हरणाऱ्या बाजूस असलो तरी आपले मत आपल्या नावावर लागलेच पाहिजे, हा त्यांचा बाणा होता.

परंतु त्यांच्या जीवनातील सर्वांत अवघड प्रसंग पुढेच होता, आणि त्याचा वर्धा जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे. दुसरे महायुद्ध सुरू असता 1941 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात अधिक हिंदी सभासद घेण्यात आले. त्यांत बापूजी होते. परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते त्यांच्याकडे आले. जपानने ब्रह्मदेशावर स्वारी केली, तेव्हा तेथून पायी, उपाशी, आजारी अवस्थेत परतणाऱ्या लक्षावधी हिंदी लोकांचा भार याच खात्यावर पडला. अधिकारपदी राहून आपल्या माणसांचे थोडे तरी दुःख हलके करता येते, असे बापूजींस वाटत होते.

इतक्यात 1942 चा वणवा पेटला. 14 जुलै रोजी वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांना देश सोडण्यास सांगणारा ठराव केला. ऑगस्टमध्ये मुंबईस त्यावर शिक्कामोर्तब झाले आणि दुसऱ्याच दिवशी सारे पुढारी गजाआड गेले. 16 ऑगस्ट रोजी वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे लोकांचा क्षोभ उसळला. गोळीबारात नागरिक हुतात्मे झाले. खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी माणसेही मारली गेली. त्यानंतर चिमूरवर लष्कर धाडण्यात आले आणि तेथील स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या बातम्या कानोकानी पसरल्या.

सेवाग्रामच्या आश्रमात प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी नावाचे एक तपस्वी राहत. त्यांना हे ऐकून अन्न गोड लागेना. या अत्याचारांची निष्पक्ष चौकशी व्हावी, ही मागणी घेऊन ते दिल्लीस गेले आणि बापूजींच्या दारी उपोषणास बसले. सरकारात बसलेला वऱ्हाडचा माणूस तो. न्याय मागावयाचा तर त्याच्याचपाशी, असा भन्साळींचा भाव होता. सरकारने त्यांना दिल्लीतून काढून सेवाग्रामास आणून सोडले. तेथून ते पुनःपुन्हा चिमूरची वाट धरीत आणि पोलीस त्यांना पुनःपुन्हा परत आणीत. 63 दिवसांनंतर, 1943 च्या जानेवारीत, समझोता होऊन ते उपोषण सुटले.

या काळात बापूजींनी आपले पद सोडले नाही. अनेक देशभक्तांनी त्याबद्दल त्यांना दोष दिला, आणि तो दोष अगदीच अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. दारी आलेल्या तपस्व्याच्या प्रश्नास त्यांच्या हाती उत्तर नव्हते. सरकारात राहून लोकांचे भले करता येईल, हा त्यांचा विश्वास त्या दिवसांत कसास लागला होता. मोठ्या माणसांच्या चरित्रातही असे काळ येतात, आणि ते झाकून ठेवणे योग्य नव्हे.

निर्णयाची वेळ लवकरच आली. 10 फेब्रुवारी 1943 रोजी गांधीजींनी पुण्याच्या आगाखान राजवाड्यातील बंदिवासात 21 दिवसांचे उपोषण सुरू केले. त्यांची प्रकृती ढासळू लागली. त्यांना बिनशर्त मुक्त करावे, असे बापूजी, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघा सभासदांचे मत पडले. मंडळातील बहुमत विरुद्ध गेले. तेव्हा तिघांनीही त्याच महिन्यात राजीनामे दिले. ज्या गांधीजींशी बापूजींचे वेळोवेळी मतभेद झाले होते, त्यांच्याच प्राणासाठी त्यांनी राज्यकारभारातील सर्वोच्च पदावर पाणी सोडले. मतभेद आणि आदर एकाच अंतःकरणात कसे नांदतात, याचे याहून सुंदर उदाहरण क्वचितच आढळेल.

त्यानंतर ते सिलोनमध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते. स्वातंत्र्य मिळाल्यावर घटना समितीचे सभासद आणि 1948 ते 1952 पर्यंत बिहारचे राज्यपाल म्हणून त्यांनी काम केले. राज्यपुनर्रचनेच्या वादात विदर्भाचे राज्य वेगळे असावे, असे त्यांचे ठाम मत होते. 1960 साली मुंबईसह महाराष्ट्र राज्य निर्माण झाले आणि विदर्भ त्यात सामील झाला. बापूजींचे मत अनेकांना रुचले नाही. परंतु त्यांनी ते लपविले नाही की लोकांना चिथावून दंगाही माजविला नाही. 1962 च्या निवडणुकीत कोणत्याही पक्षाचे तिकीट न घेता, वयाच्या 81 व्या वर्षी, नागपूरच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर पाठविले. तेथेही त्यांनी आपले म्हणणे सनदशीर मार्गानेच मांडले.

राजकारणाच्या धकाधकीतही त्यांची संस्कृतची उपासना खंडली नाही. उतारवयात त्यांनी आपल्या गुरूचे, लोकमान्य टिळकांचे, चरित्र संस्कृत पद्यात रचले. 26 जानेवारी 1968 रोजी, प्रजासत्ताकदिनी, त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. त्यांच्या टिळकचरित्रास 1973 साली साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले.

बापूजींची सर्वच मते बरोबर होती, असे इतिहास म्हणणार नाही. काही बाबतींत काळाने त्यांना खोटे पाडले, काही बाबतींत अद्यापही वाद चालू आहे. पण लोकप्रतिनिधीचे मत ही त्याची खाजगी मालमत्ता नव्हे, तशीच ती पक्षाची गहाणवट वस्तूही नव्हे. लोकांनी ठेवलेल्या विश्वासास आणि स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीस स्मरूनच ते द्यावे लागते, आणि त्याची जी किंमत पडेल ती निमूटपणे मोजावी लागते. बापूजींनी ती वारंवार मोजली. कधी तुरुंगात जाऊन, कधी पक्ष सोडून, कधी अधिकारपद सोडून. सेवाग्रामच्या आश्रमात गेल्यावर गांधीजींच्या कुटीपुढे आपण नतमस्तक होतो. त्या आश्रमातून एक तपस्वी ज्याच्या दारी न्याय मागण्यास गेला, आणि त्या मागणीने ज्याच्या विवेकाची परीक्षा घेतली, त्या नदीपलीकडच्या थोर शेजाऱ्याचेही तेथे क्षणभर स्मरण करावे.